जुन्या स्टिरिओला नवा घुमारा!

घरात आईबाबांच्या काळातला स्टिरिओ आहे. ब्लूटूथ रिसीव्हर लावला की फोनमधली गाणीही त्यावर मस्त वाजतात. पण डग्ग्याचा घुमारा हरवतो आणि बेस गिटार आहे की नाही तेच कळत नाही. यात स्टिरिओचा दोष नाही. आपल्याला साधारण २० हर्ट्झपासून ऐकू येतं. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते आणि शेल्फवर मावणारे बरेचसे स्पीकर ६०-७० हर्ट्झच्या खाली हात टेकतात. तिथून पुढचं काम सबवूफरचं.

'याला सब-आउट नाही, नवीन सिस्टिमच घ्या,' असं कुणी म्हटलं तर जरा थांबा. पॉवर्ड सबवूफरमध्ये स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. त्याला स्टिरिओकडून फक्त सिग्नल हवा असतो.

मागची बाजू बघा

'सब-आउट' किंवा 'प्री-आउट' असेल तर काम सोपं. तिथून आरसीए केबल सबवूफरच्या 'लाइन-इन'ला लावा. 'टेप-आउट'च्या मोहात मात्र पडू नका. स्टिरिओचा व्हॉल्यूम कमी केला तरी तिथला सिग्नल कमी होत नाही, त्यामुळे सबवूफर आपला दणदणत राहतो.

यातलं काहीच नाही? मग सबवूफरवर 'हाय लेव्हल इनपुट' शोधा. स्टिरिओच्या ज्या टर्मिनलमधून स्पीकरला वायर जाते, तिथूनच आणखी एक जोडी इथे आणायची. लाल लालला, काळी काळीला. आधी दोन्हींचे प्लग काढा आणि वायरचे उघडे धागे एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर स्टिरिओ जळू शकतो. स्पीकरची वायर थेट आरसीए 'लाइन-इन'मध्येही घालायची नाही. तो सिग्नल तिथे झेपत नाही. 'हाय लेव्हल' नसलेल्या सबवूफरसाठी कार ऑडिओच्या दुकानात हाय-टू-लो कन्व्हर्टर मिळतो. कोणतीही वायर जोडण्याआधी दोन्हींचं मॅन्युअल मात्र नक्की बघा.

आता कान लावा

क्रॉसओव्हरचा नॉब ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करा. फेजचा स्विच ० आणि १८० अशा दोन्ही बाजूंना करून बघा. जिथे बेस भरीव वाटेल, ती बाजू बरोबर. जागा ठरत नसेल तर एक गंमत करा. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि खोलीभर रांगत फिरा. बेस जिथे स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर हलवा. घरचे हसतील, पण ही पद्धत भारी आहे. गुणगुण ऐकू आली तर दोन्ही प्लग एकाच बोर्डवर लावून बघा. अर्थिंगची पिन मात्र काढायची नाही.

शेजारीही ऐकतात!

सबवूफर ढोल बडवण्यासाठी नसतो. तो वेगळा ऐकू येत नाही, पण बंद केल्यावर गाणं पोकळ वाटतं, तेव्हा सेटिंग जमलं समजा. बेस भिंती आणि स्लॅबमधून सहज आरपार जातो. म्हणून खाली जाड रबर मॅट टाका आणि रात्री व्हॉल्यूम उतरवा. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र १० वाजता सुरू होते. खालच्या मजल्यावरच्या आजींची कदाचित त्याआधीच झालेली असते!