पाचोडचा संध्याकाळचा वर्ग

2007 मध्ये विरोधाच्या गदारोळात महाराष्ट्र सरकारने शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. गावपातळीवर मात्र या कामाची वाट त्याआधीच पडली होती. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने 1990च्या दशकाच्या अखेरीस खेड्यांतल्या अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्षभराचा वर्ग सुरू केला. शाळा सुटलेल्या, शेतात राबणाऱ्या मुलींनाही येता यावं म्हणून तो संध्याकाळी तासभर भरे. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच, किमान सातवी शिकलेल्या. शरीर आणि आरोग्याबरोबर पोषण, गावचा कारभार असे विषयही त्यात होते. अभ्यासक्रम ठरवताना आईवडिलांना सोबत घेतलं होतं. खरं यश तिथेच आहे. ओळखीची ताई बोलते, तेव्हा घरचे दार लावून घेत नाहीत. त्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय 16वरून 17 झालं. एकच वर्ष; पण त्या वयात ते दहावी-अकरावीचं तरी असतं, नाहीतर पहिल्या बाळंतपणाचं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांची ‘तारुण्यभान’ ही लैंगिक शिक्षणाची शिबिरं मुलग्यांसाठीही होतात, आणि ते तितकंच गरजेचं आहे.

10 ते 19 वयोगटासाठी महाराष्ट्रातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतात. सल्ला मोफत. पाळी, गर्भधारणा, गुप्तरोग, मनावरचा ताण, काहीही विचारता येतं. आपल्या ओळखीतल्या मुलामुलींना हे जरूर सांगा. कुणाचा लैंगिक छळ होत असेल, तर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.