सर्दीची गोळी आणि नशेचा ठपका

सर्दीसाठी स्यूडोएफेड्रिनची गोळी घेतली आणि लघवीच्या चाचणीत मेथॅम्फेटामाइन 'पॉझिटिव्ह' आलं, असं होऊ शकतं बरं का. स्ट्रिपवरची अँटिबॉडी रेणूची ठेवण ओळखते. ठेवण मिळतीजुळती असली की फसते.

म्हणून खात्रीसाठी एलसी-एमएस. लिक्विड क्रोमॅटोग्राफीत नमुना बारीक कणांनी भरलेल्या नळीतून जातो, आणि प्रत्येक रेणू आपापल्या वेळेला बाहेर पडतो. मग मास स्पेक्ट्रोमीटर त्याला चार्ज देऊन जणू तोलतो: मेथॅम्फेटामाइन 150वर दिसतं, स्यूडोएफेड्रिन 166वर. पुढे रेणू फोडून तुकडेही तपासतात. वेळ, वजन, तुकडे, तिन्ही जुळलं तरच नाव पक्कं.

तेव्हा नुसत्या स्ट्रिपवरून कुणाला नशेबाज ठरवू नका. कन्फर्मेटरी टेस्ट झाली का, ते आधी विचारा.