आधी पाण्याचा हिशेब, मग रस्ता

पुण्याभोवती महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलेल्या रिंगरोडची लांबी सुमारे १७० किलोमीटर आणि रुंदी ११० मीटर आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की १,८७० हेक्टर जमीन होते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे संपूर्ण शिवार, म्हणजे डोंगर, गावठाण, शेती आणि वनजमीन धरून, सुमारे ९७७ हेक्टरचे आहे. एका महानगराला वळसा घालणाऱ्या एका रस्त्याखाली जवळजवळ दोन हिवरे बाजार मावतात. रस्ता झाल्यावर दुतर्फा उभ्या राहणाऱ्या इमारती, गोदामे, ढाबे आणि प्लॉटिंग यांची जमीन या हिशेबात धरलेलीच नाही.

महानगरांच्या वाढीवर आपल्याकडे वाद पुष्कळ होतो. उड्डाणपूल हवा की मेट्रो, रस्ता सहापदरी की आठपदरी, पुण्यातल्या वेताळ टेकडीतून रस्ता न्यावा की नाही, हे प्रश्न शहरात तावातावाने मांडले जातात आणि ते मांडले गेलेच पाहिजेत. पण ज्या शिवारावर शहर पसरणार, त्या गावाचे नाव या चर्चेत येते ते गट नंबरांच्या यादीत. त्या गावाची विहीर किती खोल गेली आहे, त्याचे गायरान कोणत्या कामाला येते, तिथले तरुण पुढे काय करणार, हे कोणी विचारत नाही. म्हणून या लेखात हा वाद दुसऱ्या टोकाकडून, आपल्या वाढीचे नियम स्वतः लिहिणाऱ्या एका गावाकडून पाहायचा आहे.

गाव शहरात जाते तेव्हा

पुणे महापालिकेने १९९७ मध्ये ३८ गावे हद्दीत घेतली. त्यातली काही नंतर वगळली गेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली आणि क्षेत्रफळाने पुणे राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. त्याहीपलीकडच्या शेकडो गावांचे नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. कागदावर हा नियोजनाचा विस्तार आहे. गावात उभे राहून पाहिले तर क्रम वेगळा दिसतो. आधी एजंट येतो, मग शेताचे गुंठे पडतात, मग इमारती उभ्या राहतात, मग टँकर सुरू होतो आणि हद्दवाढ सर्वांत शेवटी येते. नळाचे शुद्ध पाणी आणि सांडपाण्याची वाहिनी त्यानंतर कधीतरी.

या क्रमाची किंमत २०२५ च्या सुरुवातीला दिसली. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या नव्याने समाविष्ट गावांच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशय पाण्यावर गेला. खडकवासला धरण इथून हाकेच्या अंतरावर आहे. शहराला पाणी देणाऱ्या धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना मात्र विहिरीचे, फक्त क्लोरीन टाकलेले पाणी मिळत होते. उरुळी देवाची आणि फुरसुंगीची गोष्ट याच जातीची. शहराचा कचरा वर्षानुवर्षे या गावांच्या शिवारात पडत राहिला, विहिरी नासल्या आणि लोकांना पुन्हा पुन्हा आंदोलन करावे लागले. २०१७ मध्ये ही गावे महापालिकेत घेतली गेली आणि २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

मोठ्या शहराच्या गरजेसाठी गावाने जमीन सोडायची, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीच्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तो मुंबईला वीज देणाऱ्या टाटांच्या धरणाविरुद्ध. धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. त्याच मुळशी तालुक्यातले हिंजवडी आज माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे आणि तिथल्या वाहतूककोंडीमुळे देशभर ठाऊक आहे. शंभर वर्षांत विजेच्या जागी रस्ता आणि घरबांधणी आली. निर्णय कुठे होतो, ही गोष्ट फारशी बदलली नाही.

रुंद रस्त्याचे गणित

कोंडी झाली की रस्ता रुंद करा, हा उपाय सर्वांना पटतो, कारण सुरुवातीचे काही महिने तो खरोखर चालतो. पण रस्ता मोकळा झाला की लांबची जमीन जवळची वाटू लागते, तिथे घरे होतात आणि त्या घरांतली वाहने त्याच रस्त्यावर येतात. अर्थतज्ज्ञ जील द्युरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी महानगरांची आकडेवारी तपासून दाखवले की शहरी महामार्गांच्या पदरांची एकूण लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद केला गेला. सेवारस्ते धरून काही ठिकाणी तो २६ पदरी आहे. तरीही थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

नगर जिल्ह्याच्या उंबरठ्यावर हेच गणित येऊन उभे आहे. पुणे-नगर रस्त्यावर वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर आणि पुढे पारनेर तालुक्यातली सुपे औद्योगिक वसाहत अशी साखळी तयार झाली आहे. पुणे ते शिरूर उन्नत मार्गाचा प्रस्ताव आहे. उत्तरेला कोपरगाव तालुक्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला, ज्याने १० जिल्ह्यांतल्या ३९२ गावांची जमीन घेतली. सुरत-चेन्नई महामार्गाची प्रस्तावित आखणीही याच जिल्ह्यातून जाते. म्हणजे नगरच्या गावांना शहरवाढीचा प्रश्न आज ना उद्या सोडवावाच लागणार आहे, आणि काहींच्या दारात तो आलाही आहे.

हिवरे बाजारने आधी काय मोजले

नगर शहराच्या पश्चिमेला सोळा-सतरा किलोमीटरवर असलेले हिवरे बाजार पर्जन्यछायेतले गाव. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. एके काळी ते पैलवानांचे गाव म्हणून ओळखले जाई. १९७२ च्या दुष्काळाने ते मोडले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, हातभट्ट्या वाढल्या आणि माणसे कामासाठी पुण्या-मुंबईकडे निघाली. महानगरांच्या झोपडपट्ट्या कशा वाढतात, याचे एक उत्तर अशा गावांच्या कोरड्या विहिरींत सापडते. गावात पाणी नसले की शहरात माणूस वाढतो.

१९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. १९९४ मध्ये गावाने राज्याच्या आदर्श गाव योजनेत भाग घेतला. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी घालून दिलेला नमुना समोर होता. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली गेली. रोजगार हमीच्या पैशातून डोंगरांवर सलग समतल चर खोदले, बंधारे बांधले, झाडे लावली. पुढे गावाने आपल्या गरजेचे आणखी नियम केले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस-केळीसारखी पाणी खाणारी पिके टाळायची. आणि गावची जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही.

१९९५ च्या पाहणीत १८० पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ही संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. दुधाचे संकलन नव्वदच्या दशकाच्या मध्याला रोज १५० लिटरच्या आसपास होते, ते काही हजार लिटरवर गेले. शहरात गेलेली कुटुंबे परत येऊ लागली. शहरवाढीच्या चर्चेत ही नोंद सर्वांत मोलाची आहे. महानगराकडे जाणारी वाट आपोआप उलटी फिरत नाही. इथे ती फिरली, कारण विहिरीला पाणी आले आणि हाताला काम मिळाले.

पाण्याचा ताळेबंद

या सगळ्या नियमांचा कणा आहे तो पाण्याचा ताळेबंद. गावात पर्जन्यमापक आहेत, निरीक्षण विहिरी आहेत, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत जमाखर्च मांडला जातो. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होते. ९७७ हेक्टरांवर चारशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ३९० कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, पण त्यातले बरेचसे बाष्प होऊन जाते, काही वाहून जाते, काही मातीत राहते आणि उरलेले जमिनीत मुरते. वापरायला मिळते ते या उरलेल्या हिश्शातून.

वाटणीचा क्रम ठरलेला आहे. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे. राहिलेल्यातले सुमारे ७० टक्के शेतीला आणि ३० टक्के पुढच्या दिवसांसाठी जमिनीतच ठेवायचे. पाऊस कमी झाला तर रब्बीचा पेरा कमी आणि उन्हाळी पीक बंद. कोणी किती पैसे टाकायला तयार आहे यावर हा निर्णय होत नाही. विहीर स्वतःच्या शेतात असली तरी तिच्यातले पाणी शेजाऱ्याच्या जमिनीखालून आलेले असते, हे तत्त्व गावाने मान्य केले आणि मगच हा हिशेब चालला.

आता हाच प्रश्न महानगराच्या कडेला विचारून पाहा. एखाद्या गावाच्या शिवारात पाचशे सदनिकांचा प्रकल्प उभा राहतो. तिथे किती पाणी मुरते, किती उपसता येते, उन्हाळ्यात किती टँकर लागतील आणि ते कुठल्या विहिरींतून भरतील, याचा जाहीर ताळेबंद कोणत्या सभेत मांडला जातो? पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. दौंड, इंदापूरची शेती त्याच पाण्यावर डोळे लावून असते. शहराची हद्द वाढत गेली, धरणे तेवढीच राहिली. हिवरे बाजारने ज्या चुकीपासून स्वतःला वाचवले, ती चूक महानगर रोज करते आहे: वाढ आधी ठरवायची आणि पाणी नंतर शोधायचे.

जमीन: विकणे, राखणे, एकत्र करणे

बाहेरच्याला जमीन न विकण्याचा नियम हा ग्रामसभेचा, म्हणजे परस्परांना दिलेल्या शब्दाचा नियम आहे. राज्याच्या कुळकायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, पण दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याला सहज विकता येते, आणि शहराच्या कडेचा बहुतेक व्यवहार याच दारातून सुरू होतो. हिवरे बाजारने ते दार गावाच्या एकमताने बंद केले. पाणी आल्यावर जमिनीचा भाव वाढणारच होता. डोंगरांवर घाम गाळलेल्या माणसांनी तो भाव कोणा गुंतवणूकदाराच्या हाती जाऊ दिला नाही.

यावर एक सरळ आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. मुलीचे लग्न, आजारपण, कर्ज यांत अडकलेल्या शेतकऱ्याला जमीन हाच एकमेव आधार असतो. चांगला भाव आल्यावर विकू नको असे त्याला कोण सांगणार? याचे उत्तर बंदीच्या हुकुमात नाही. शेतीतून आणि दुधातून नियमित पैसा येत असेल तरच माणूस भाव नाकारू शकतो. हिवरे बाजारमध्ये आधी पाणी आले, मिळकत आली, म्हणून तो नियम टिकला. शेती तोट्यात ठेवून जमीन राखा म्हणणे हा शेतकऱ्यावर अन्याय होईल.

विकणे आणि राखणे यांच्या मधली तिसरी वाटही महाराष्ट्रात आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक होऊन स्वतःच नगर वसवले. शहर आले, पण मालकी गेली नाही. शहराच्या अगदी कडेला असलेल्या गावांना हिवरे बाजारपेक्षा मगरपट्ट्याचा धडा अधिक लागू पडेल. दोन्हींत समान सूत्र एकच आहे: एकेकटा शेतकरी एजंटसमोर बसला नाही, गाव किंवा भाऊबंद मिळून बसले.

महामार्गाच्या भूसंपादनात मात्र असे बसायला जागाच उरत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आणले, काही प्रकल्पांसाठी संमतीची अट आणली. पण राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ठेवून या अटींतून सोडवला. मोबदला वाढला, बोलण्याचा हक्क तेवढा वाढला नाही. पवनार ते पत्रादेवी अशा सुमारे ८०० किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता की हा रस्ता आम्ही मागितला कधी?

आक्षेप आणि उत्तर

सव्वा-दीड हजार वस्तीच्या गावाचे उदाहरण लाखोंच्या महानगराला कसे लागू होईल, असे म्हटले जाते. शिवाय हिवरे बाजारचे दूधही रस्त्यानेच शहरात जाते आणि गावाच्या कामाला शासनाचा पैसा लागलाच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून रस्ताच नको किंवा शहरच नको, असे म्हणण्यात अर्थ नाही. शहरांनी दलितांना, भूमिहीनांना, स्त्रियांना गावाने नाकारलेली मोकळीक दिली, हेही विसरता येत नाही.

पण मर्यादा आखणे फक्त लहान गावालाच जमते, हे मात्र खरे नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९७३ मध्ये प्रत्येक शहराला वाढीची सीमा आखणे कायद्याने बंधनकारक केले, आणि पोर्टलंड महानगराने १९७९ मध्ये ती आखली. सीमेबाहेर शेती आणि वन, आत दाट वस्ती आणि सार्वजनिक वाहतूक. घरांच्या किमतींवरून तिथे अजून वाद होतो, सीमा वेळोवेळी सरकवलीही जाते. पण ती सरकवण्याआधी जाहीर हिशेब द्यावा लागतो.

महाराष्ट्रात हे करणे अवघड नाही. महानगर प्रदेशातल्या प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत किंवा वॉर्डात जाहीर व्हावा आणि बिगरशेती परवानगी त्याच्याशी बांधावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे त्यासाठीचे ज्ञान आहे. महामार्गाची आखणी अंतिम होण्यापूर्वी गावागावांत परिणामांची सुनावणी व्हावी, कायदा सूट देत असला तरी. जिथे शहर येणारच आहे, तिथे सक्तीच्या संपादनाआधी जमीन एकत्र करून शेतकऱ्याला भागीदार करण्याचा पर्याय द्यावा. आणि रस्ता रुंद करताना त्याच पट्ट्यातील बस आणि रेल्वेवर आधी खर्च व्हावा.

या मागण्यांत क्रांतिकारक काही नाही. नगरच्या एका दुष्काळी गावाने स्वतःची माती आणि पाऊस मोजून, मतभेद सहन करून, तीस वर्षे आपले नियम पाळले. त्या गावाला पाहायला मंत्री गेले, अधिकारी गेले, शिष्टमंडळे गेली. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री मिळाली. आता त्या गावाचा सत्कार पुरे. पाणी किती आहे, हा जो प्रश्न हिवरे बाजारची ग्रामसभा पेरणीआधी विचारते, तो महानगराच्या प्रत्येक विकास आराखड्याच्या पहिल्या पानावर आला पाहिजे, आणि त्याचे आकड्यांत उत्तर मिळेपर्यंत पुढचे पान उलटू न देण्याचा आग्रह गावकऱ्यांनी आणि शहरवासीयांनी मिळून धरला पाहिजे.