पावरची गोळी : अर्धी नको, उसनी नको



वर्षावास लागला की विहारात ग्रंथवाचन सुरू होते आणि त्याच दिवसांत वस्तीत तापाचे पेशंटही वाढतात. मागे एका संध्याकाळी वाचन संपल्यावर शेजारच्या मावशी पदराच्या गाठीतून गोळ्यांची स्ट्रिप काढून म्हणाल्या, "ताई, माझा ताप तर दोन दिवसांतच उतरला. या गोळ्या उरल्या. पोरीला खोकला आहे, तिला दिल्या तर चालतील ना? पावरच्या आहेत."

स्ट्रिप डॉक्सीसायक्लिनची होती. डॉक्टरांनी मावशींना सात दिवसांचा कोर्स लिहून दिला होता. आणि पोरगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. गरोदर बाईला ही गोळी सहसा देत नाहीत, कारण पोटातल्या बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होऊ शकतो. मावशींनी विचारले म्हणून बरे झाले. पण त्यांचा स्वतःचा ताप आठवड्याभरात उलटला आणि त्यांना भरती व्हावे लागले.

चूक एकट्या मावशींची नाही. त्यांना कोणी नीट समजावूनच सांगितले नव्हते. मीही वॉर्डात नोकरीला असताना "जेवणानंतर दोनदा" एवढेच म्हणून कितीतरी जणींच्या हातावर गोळ्या ठेवल्या आहेत. तेव्हा जे सांगायचे राहिले, ते आज सांगते.

ही गोळी कशावर चालते?

आपण जिला 'पावरची गोळी' म्हणतो ती अँटिबायोटिक. ती जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ थांबवते. सर्दी, साधा खोकला, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर ती चालत नाही. म्हणून "डॉक्टर, पावरची गोळी द्या, सुई मारा" असा हट्ट धरू नये.

सगळ्या जिवाणूंना एकच गोळी चालते असेही नाही. मावशींना झाला होता स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात याची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. गवतात, झुडपांत राहणाऱ्या बारीक किड्याच्या चावण्यातून तो होतो. धुऱ्यावर गवत कापणाऱ्या, निंदणाला जाणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना त्याचा धोका जास्त. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली कधीकधी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. या आजारावर डॉक्सीसायक्लिन चांगली लागू पडते, पण घरोघरी उरलेली अमॉक्सिसिलिन इथे काहीच काम करत नाही. उसनी गोळी घेऊन ताप अंगावर काढला, तर तेवढे दिवस फुकट जातात आणि आजार फुप्फुस, मेंदू, किडनीपर्यंत पोहोचू शकतो.

ताप उतरला म्हणजे जिवाणू संपले का?

नाही. औषध लागू पडले की दोन दिवसांत बरे वाटते, पण काही जिवाणू शिल्लक असतात. औषध मध्येच तुटले की आजार उलटू शकतो. शिवाय अर्धवट, चुकीच्या औषधातून वाचलेले चिवट जिवाणू वाढत जातात आणि पुढे तीच गोळी त्यांच्यावर चालत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पुरस्काराच्या भाषणातच हा इशारा दिला होता. त्यांनी एक उदाहरण रचून सांगितले : नवरा घसादुखीवर कमी औषध घेतो, त्याच्या शरीरातले जिवाणू चिवट होतात आणि त्यांची लागण होऊन बायको दगावते. एकाच्या अर्धवट गोळीचा भोग घरातल्या दुसऱ्याला येतो, तो असा.

म्हणून डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस गोळी घ्यावी. स्वतःच्या मनाने कमी नाही, जास्तही नाही. तीन दिवसांचा कोर्स असेल तर तीनच दिवस. टीबीचा महिनोन्‌महिने असेल तर तितके महिने.

गोळी कशी घ्यावी?

• 'दिवसातून दोनदा' म्हणजे साधारण बारा तासांचे अंतर. सकाळी आठला घेतली तर रात्री आठला. शेतावर जाताना सकाळची गोळी विसरू नये.

• डॉक्सीसायक्लिन जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत, बसून घ्यावी. नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. घोटभर पाण्यावर गिळून झोपले तर गोळी अन्ननलिकेत अडकून जळजळ, जखम होते. ही गोळी चालू असताना कडक उन्हाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. डोक्यावर पदर, अंगात लांब बाह्या असाव्यात.

• डॉक्सी किंवा सिप्रो दुधासोबत घेऊ नये. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचे औषध यांच्यात आणि या गोळ्यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे.

• मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू वर्ज्य. उलट्या, धडधड होऊ शकते. पंचशील पाळणाऱ्या घरात हे सांगावे लागू नये, पण वस्ती आपल्याला माहीत आहे.

• एक वेळ चुकली तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

• लहान मुलांचे पावडरचे सायरप उकळून थंड केलेल्या पाण्यात, बाटलीवरच्या खुणेपर्यंतच भिजवावे. दर वेळी हलवून, सोबतच्या मापाने द्यावे. घरातला चमचा नको. भिजवलेले बहुतेक सायरप आठवडाभरच टिकते. उरलेले पुढच्या तापासाठी ठेवू नये.

• पौर्णिमेला उपोसथ धरणाऱ्या भगिनी दुपारनंतर जेवत नाहीत. मग रात्रीची गोळी उपाशीपोटी जाते, नाहीतर चुकते. धम्मात आजाऱ्याला औषध वर्ज्य नाही. आजारी असताना उपोसथ पुढच्या पौर्णिमेला धरावा.

आधी काय सांगावे, कधी धावावे?

गरोदर आहात, अंगावर पाजता, किडनी-लिव्हरचा त्रास आहे, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले होते, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगावे. त्रास झालेल्या औषधाचे नाव कागदावर लिहून आधार कार्डासोबत ठेवावे.

थोडी मळमळ, पातळ शौच होऊ शकते. पण अंगभर पुरळ, ओठ-चेहऱ्यावर सूज, श्वास लागणे असे झाले तर पुढची गोळी न घेता लगेच १०८ ला फोन करावा. रक्ताचे किंवा थांबत नाहीत असे जुलाब झाले, अथवा दोन-तीन दिवस गोळी घेऊनही ताप हटला नाही, तर पुन्हा दवाखाना गाठावा.

पैसे नसतील तर?

मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते, म्हणून अनेक जण मेडिकलमधून दोनच दिवसांच्या गोळ्या घेतात. बाकीच्या राहूनच जातात. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे, "पैसे कमी आहेत, स्वस्तातली लिहून द्या." जनऔषधी केंद्रात तेच औषध कमी किमतीत मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत आहे. बाबासाहेबांच्या संविधानातील अनुच्छेद ४७ प्रमाणे लोकांचे आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य आहे. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. त्यातल्या काही अँटिबायोटिक्सची विक्री १ मार्च २०१४ पासून दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंदवावी लागते. बिल मागावे आणि जपून ठेवावे.

दवाखान्यातून निघताना चार प्रश्न विचारा : गोळी कशासाठी? किती दिवस? जेवणाआधी की नंतर? त्रास झाला तर काय करू? वाचता येत नसेल तर नर्सला स्ट्रिपवर सूर्य-चंद्र काढून मागा.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली. आपल्याला निदान एकमेकींच्या गोळ्या तपासता येतील. येत्या पौर्णिमेला वंदनेला येताना घरातली औषधांची डबी सोबत आणा. उरलेल्या गोळ्या कोणाच्या, कशाच्या, तारीख संपलेल्या की चालू, ते आपण मिळून पाहू.