हातात किती युरो पडणार?

बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्या आणि पुढे जर्मनीत शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरी एक आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो : ११,९०४ युरो. जर्मन सरकारने सप्टेंबर २०२४ पासून ठरवलेला हा वर्षभराच्या राहण्याखाण्याचा खर्च आहे, महिन्याला ९९२ युरो. त्याआधी तो ११,२०८ होता. एवढी रक्कम जर्मनीतल्या एका बंदिस्त खात्यात आधी भरायची, भरल्याचा दाखला घ्यायचा आणि तो व्हिसाच्या अर्जाला जोडायचा. जर्मन लोक याला ‘श्पेरकोन्टो’ म्हणतात. पुण्यातल्या घरांत आणि सल्लागारांच्या ऑफिसांत मात्र सगळे ‘ब्लॉक अकाउंट’च म्हणतात. मूल तिथे पोहोचले की त्यातून दरमहा ९९२ युरोच बाहेर येतात.

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीय सर्वांत जास्त आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ते ४९ हजारांवर होते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही, म्हणून मध्यमवर्गीय घरांना हा रस्ता परवडतो. पण ज्या घरात आयुष्यात कधी परदेशी पैसे पाठवले गेले नाहीत, त्या घराला पहिल्याच व्यवहारात बारा लाखांच्या आसपासची रक्कम पाठवावी लागते. तीही घाईत, कारण व्हिसाची तारीख समोर असते. या घाईतच पंधरा-वीस हजार रुपये सहज जातात, आणि गेले हे कळतही नाही.

पहिला प्रश्न, ब्लॉक अकाउंट लागतेच का? पुरेशी शिष्यवृत्ती असेल तर लागत नाही, आणि अपुरी असेल तर उरलेल्या रकमेपुरतेच लागते. जर्मनीत स्थायिक असलेला एखादा नातेवाईक तिथल्या कचेरीत जाऊन मुलाच्या खर्चाची रीतसर हमी लिहून द्यायला तयार असेल, तरी लागत नाही. मात्र ती हमी कायद्याने बांधून घालणारी असते. मावसभावाला गळ घालण्याआधी हे त्याला स्पष्ट सांगावे.

लागणार असेल, तर फिन्टीबा, एक्स्पाट्रिओ यांसारख्या कंपन्या इथे बसूनच पासपोर्टवर खाते उघडून देतात. त्यांची सुरुवातीची फी साधारण ५० ते १०० युरोंच्या घरात आणि पुढे महिन्याला पाचेक युरो असते. आरोग्य विमा जोडून घेतला तर यातली काही फी माफ होते. पण विमा आपल्याला योग्य आहे का, हे आधी पाहावे. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला तिथला सरकारी विमा बहुधा घ्यावाच लागतो, त्यामुळे त्याच्या जागी भलताच खासगी विमा गळ्यात पडायला नको. कंपन्यांच्या फीमधला फरक वीस-तीस युरोंचा असतो. त्यावर घरात रात्र रात्र चर्चा होते, आणि खरा खर्च जिथे होतो तिकडे कुणाचे लक्ष जात नाही.

तो होतो रुपयाचा युरो करताना. आपण बँकेत विचारतो, ‘चार्जेस किती?’ काउंटरवरून उत्तर मिळते, पाचशे किंवा हजार रुपये, अधिक जीएसटी. उत्तर खरे असते, पण अर्धे असते. बँक त्या दिवशी ज्या भावाने आपल्याला युरो विकते, त्याला बँकेच्या भाषेत टीटी सेलिंग रेट म्हणतात. हा भाव बाजारातल्या भावापेक्षा चढा असतो आणि मधला फरक ही बँकेची कमाई असते. हा फरक एका युरोमागे एक रुपया असेल, तर ११,९०४ युरोंवर ११,९०४ रुपये होतात. दोन रुपये असेल तर तेवीस हजारांवर. हजार रुपयांच्या चार्जेसवरून घासाघीस करणारे आपण इतके पैसे न विचारता देऊन येतो.

म्हणून प्रश्न बदलायचा. ‘माझ्या खात्यातून सगळे धरून किती रुपये कापले जातील, आणि समोर पूर्ण किती युरो पोहोचतील?’ हा एकच प्रश्न तीन ठिकाणी, एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात विचारावा : आपली बँक, दुसरी एखादी बँक आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली एखादी ऑनलाइन सेवा. उत्तर ईमेलवर लिहून घ्यावे. बाजारातला भाव कळायला अवघड नाही. एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दर दिवशी दुपारी डॉलर, युरो, पौंड आणि येनचे संदर्भ दर जाहीर करते. तो आकडा समोर ठेवून शाखाधिकाऱ्याशी बोलावे. रक्कम मोठी असल्यामुळे सर्वांसाठीच्या ठरलेल्या भावाऐवजी, म्हणजे ‘कार्ड रेट’ऐवजी, खास भाव मागता येतो, आणि मागितला तर पुष्कळदा मिळतो. ‘इतकी वर्षे आमचे खाते इथे आहे’ हे सांगायला संकोच करू नये.

आपल्या नेहमीच्या शाखेत हे काम होतेच असे नाही. राष्ट्रीयीकृत बँकांचे परकीय चलनाचे काम ठरावीक शाखांत चालते, आणि पुण्यात ज्यांचे पगार-पेन्शन सहकारी बँकेत जमा होते त्यांच्या बँकेला तशी परवानगी आहे का, हे आधी विचारावे. ज्या बँकेतून पाठवायचे तिथे वर्षभर जुने खाते नसेल, तर मागच्या वर्षाचे खातेउतारे किंवा प्राप्तिकराचे विवरणपत्र मागितले जाऊ शकते. पॅन लागतेच. प्रवेशपत्र, पासपोर्ट आणि ए-टू फॉर्म हेही लागते. त्या फॉर्मवर पैशांचे कारण सांकेतिक क्रमांकाने लिहायचे असते. परदेशी जाऊन शिकण्यासाठी तो एस ०३०५ आहे. कारण चुकले तर पुढे कराचा हिशेबही चुकतो, म्हणून फॉर्म बँकेने भरला तरी सही करण्याआधी हा क्रमांक स्वतः वाचावा.

आता कर. इथे गोंधळ जास्त आहे, म्हणून आकडे मांडून बघू. सोपे जावे म्हणून युरो १०० रुपयांना धरला, तर रक्कम ११,९०,४०० रुपये होते. चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, पण पूर्ण रकमेवर नाही. दहा लाखांपर्यंतच्या टप्प्यांसाठी ५,५०० आणि वरच्या रकमेवर ०.१ टक्का, असे मूल्य धरून त्यावर १८ टक्के. इथे तो सुमारे १,०२४ रुपये येतो. कुणी याहून फार मोठा आकडा जीएसटी म्हणून सांगितला, तर हिशेब लिहून मागावा.

दुसरा कर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या दहा लाख रुपयांवर टीसीएस नाही, आधी ही मर्यादा सात लाख होती. शिक्षणासाठी पाठवलेल्या वरच्या रकमेवर २०२५-२६ साठी दर ५ टक्के होता, म्हणजे आपल्या उदाहरणात १,९०,४०० रुपयांवर ९,५२०. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले, तर त्याच तारखेपासून टीसीएस लागतच नाही. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, तेव्हा पाठवण्याच्या आठवड्यात चालू दर विचारून घ्यावा.

टीसीएस ही फी नाही. तो पाठवणाऱ्याच्या पॅनवर आगाऊ भरलेला प्राप्तिकर आहे. विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो, नोकरदारांना कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमध्येही समायोजित करून घेता येतो. अडचण होते ती एखाद्या निवृत्त आजोबांच्या खात्यातून पैसे गेले आणि ते विवरणपत्रच भरत नसले तर. तेव्हा पैसे कुणाच्या पॅनवर पाठवायचे, हे घरात आधी ठरवावे. दहा लाखांची मर्यादा माणशी आहे. आई आणि वडील दोघांची स्वतंत्र खाती आणि स्वतःचे पैसे असतील, तर दोघांनी थोडे थोडे पाठवले की टीसीएसचा प्रश्नच उरत नाही. मात्र दोन्ही वेळा ब्लॉक अकाउंटचा संदर्भ क्रमांक न चुकता लिहायला हवा, आणि पाठवण्याचे चार्जेस दोनदा बसतील हेही धरायला हवे.

आता सगळ्यांत जास्त मनस्ताप देणारी गोष्ट. पैसे स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून जाताना मध्ये एखादी मध्यस्थ बँक लागते आणि ती आपले दहा-वीस युरो कापून पुढे पाठवते. आपण ११,९०४ पाठवले आणि तिथे ११,८८६ पोहोचले, तर दाखला मिळत नाही. अठरा युरोंसाठी सगळा व्यवहार पुन्हा. यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. फॉर्मवर परदेशी बँकांचा खर्च कोण देणार, असा रकाना असतो. तिथे ‘अवर’ लिहावे, म्हणजे तो खर्च पाठवणाऱ्याचा. ‘शा’ लिहिले तर तो वाटला जातो आणि रक्कम कमी पोहोचते. शिवाय कंपनीची फी मिळवून वर पन्नास ते शंभर युरो जास्त पाठवावेत. ते वाया जात नाहीत, मुलालाच मिळतात. काम झाल्यावर बँकेकडून स्विफ्ट कॉपी मागून घ्यावी. पैसे मध्येच अडकले तर तोच एक कागद उपयोगी पडतो.

आपल्याकडच्या नावांचीही काळजी घ्यावी लागते. मराठी घरांतल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव, मग आडनाव असते. कुठे नाव एकटेच लिहिलेले, कुठे तिन्ही. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव आयबॅन या खाते क्रमांकाशी पडताळून सांगावे लागते. ब्लॉक अकाउंट, विद्यापीठ, घरमालकाचा करार, चालू खाते या सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच क्रमाने लिहावे.

तिथे पोहोचल्यावर रोजच्या व्यवहाराचे चालू खाते, म्हणजे ‘गिरोकोन्टो’, उघडायचे. ब्लॉक अकाउंटचे दरमहाचे पैसे त्यातच येतात. आधी पत्ता लागतो. घरमालकाच्या सहीचे पत्र घेऊन नगर कार्यालयात नोंदणी करायची, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. बर्लिनसारख्या शहरात तिची वेळ मिळायला आठवडे लागू शकतात, म्हणून घर ठरताच वेळ घ्यावी. काही ऑनलाइन बँकांची व्हिडिओवरची ओळखतपासणी भारतीय पासपोर्ट स्वीकारत नाही. तेव्हा श्पारकासेसारख्या शाखा असलेल्या बँकेत प्रत्यक्ष जावे किंवा पोस्टात ओळख पटवून घ्यावी. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांत पोस्टाने येतात. पत्रपेटीवर आपले नाव चिकटवलेले नसेल तर पोस्टमन ती परत नेतो. नावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी लावावी.

चालू खात्याची फी विद्यार्थ्यांना बहुधा माफ असते, पण ठरावीक वयापर्यंतच. वयाची सवलत नसेल तर काही बँका दरमहा ७०० किंवा १,००० युरो जमा होण्याची अट घालतात. ब्लॉक अकाउंटमधून ९९२ येतात, हजाराला आठ कमी, आणि महिन्याची फी लागते. नोकरी करून मग शिकायला गेलेल्या तिशीतल्या विद्यार्थ्याने हे वाचूनच सही करावी. बँकेने खाते नाकारले, तर कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला २०१६ पासून तिथे मूलभूत खात्याचा हक्क आहे. ते फुकट नसते, म्हणून तो शेवटचा पर्याय.

पैसे काढताना आपल्या बँकेच्या गटाचेच एटीएम वापरावे, परक्या एटीएमला एका खेपेचे चार-पाच युरो जातात. यंत्राने ‘रुपयांत घ्यायचे की युरोत’ असे विचारले तर नेहमी युरोच निवडावे, रुपये निवडले की भाव ते यंत्र ठरवते. इथले डेबिट कार्ड तिकडे वापरले तर रूपांतरावर साडेतीन टक्क्यांपर्यंत जातात. पहिल्या महिन्यासाठी युरो भरलेले फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड पुरते. नोटांच्या रूपात ३,००० डॉलरच्या मूल्याइतकेच परकीय चलन नेता येते. घराची अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते आणि ती ब्लॉक अकाउंटच्या पहिल्या हप्त्याआधी मागितली जाते. ती तजवीज वेगळी ठेवावी.

एक काम मात्र पुण्यातच राहून जाते. रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये स्पष्ट केले आहे की शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी फेमा या परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी मानला जातो. म्हणजे मुलाचे इथले साधे बचत खाते अनिवासींसाठीच्या एनआरओ खात्यात बदलून घ्यायला हवे. विमानतळावर निरोप द्यायला जाण्याआधीच्या आठवड्यात मुलाला घेऊन बँकेत जा, तो अर्ज आणि त्याच्या खात्यावरचा मोबाइल क्रमांक हे दोन्ही त्याच्या समोर मार्गी लावा. तो गेल्यावर प्रत्येक सही कुरिअरने मागवावी लागते.