जुन्या गिटारचा जन्मदाखला

अमेरिकेत एखाद्या घराच्या पोटमाळ्यावर जुनी गिटार सापडते. खुंट्यांजवळ ‘सिल्व्हरटोन’ हे नाव दिसते. पण ते निर्मात्याचे नव्हे, विक्रेत्याचे. टपालाने माल विकणारी सिअर्स कंपनी शिकागोच्या ‘हार्मनी’ व ‘के’ आणि न्यू जर्सीच्या ‘डॅनइलेक्ट्रो’ अशा कारखान्यांकडून वाद्ये घेऊन त्यांवर हे नाव घालीत असे.

मग खरा निर्माता शोधायचा कसा? विजेरी आणि छोटा आरसा घेऊन आत डोकवावे. हार्मनीच्या गिटारमध्ये पाठीच्या आतील बाजूस अनेकदा शिक्का आढळतो. ‘एफ-५६’ मधील ५६ म्हणजे १९५६. विद्युत गिटारमध्ये आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर आकडे असतात. ‘३०४-६३४५’ असे असल्यास ३०४ हा स्टॅकपोल कंपनीचा संकेत आणि पुढे १९६३ चा ४५वा आठवडा. अर्थात, ही तारीख त्या सुट्या भागाची. तो मूळचा असेल, तर गिटार त्यापूर्वीची नाही, एवढेच सिद्ध होते. म्हणूनच एकाच खुणेवर विसंबू नये.

विकण्यापूर्वी गिटार नव्याने रंगवण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात जुन्या खुणा पुसल्या जातात आणि किंमतही घटते.