चिठ्ठ्या उलट बोलतात तेव्हा

समाजशास्त्राच्या वर्गात वाचनवही ठेवायला सांगितली की बहुतेक वह्यांत प्रकरणांचे सारांश उतरतात आणि परीक्षेनंतर वही रद्दीत जाते. मला याची फार हळहळ वाटते. वाचलेलं नीट टिपून ठेवलं तर काय घडू शकतं, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान (१९२७–१९९८) यांच्या कपाटात बघावं.

लुमान वाचताना पान क्रमांकासह त्रोटक टिपण करत. मग त्यातला एकेक विचार स्वतःच्या शब्दांत एकेका चिठ्ठीवर मांडत. कमाल आहे ती क्रमांकांची. समजा, ५७/१२ आणि ५७/१३ या चिठ्ठ्या तयार आहेत आणि बाराव्या चिठ्ठीवरून नवं काही सुचलं. मग ती ५७/१२ए. तिलाही फाटा फुटला, तर ५७/१२ए१. कुठल्याही दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये तिसरी बसतेच. जागा कधी संपतच नाही! शिवाय एका चिठ्ठीवर दूरच्या दुसरीचा क्रमांक टाकलेला. अशा जवळपास ९०,००० चिठ्ठ्या साठल्या. एक शोधायला जावं तर वाटेत विसरलेलं भलतंच काही हाती लागायचं. १९८१च्या एका लेखात तर त्यांनी या चिठ्ठ्यांबरोबरच्या आपल्या संवादाबद्दलच लिहिलं.

विद्यार्थ्याला एवढं कपाट नको, शंभर पानी वही पुरे. डावीकडे पुस्तक, उजवीकडे आपण पाहिलेलं. समजा, पान १४वर समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन आहेत. शेटलंड बेटांवरच्या हॉटेलात माणसं पाहुण्यांसमोर एक वागतात आणि स्वयंपाकघरात दुसरं, असं ते दाखवतात. उजवीकडे नोंद: ‘मेसमध्ये वाढताना अदबीनं बोलणारा दादा आत गेल्या गेल्या आचाऱ्यावर खेकसला.’ महिन्याभरानं एम. एन. श्रीनिवास यांचं कूर्ग समाजावरचं १९५२चं पुस्तक हाती येतं, सोवळ्याओवळ्याची चर्चा निघते आणि समासात आपसूक लिहिलं जातं: ‘पाहा पान १४.’

दोन नोंदी शेजारी आल्या की तिसरी सुचते. गॉफमन विचारतात, स्वयंपाकघराच्या दारापलीकडे माणूस वागतो कसा. श्रीनिवास वाचताना प्रश्न पडतो, दार ओलांडू कोणाला देतात. मग आपल्याच घरच्या स्वयंपाकघरात आजवर कोण कधीच आलं नाही? ही नोंद दोन्ही पुस्तकांत नाही. ती पान १४ए.